मेथीला केळीचा विटाळ

नशिराबादच्या शिवारात थंडं घर आलं, त्या दिवसापासून द्रौपदाबाई पदर जरा जास्तच वर खोचायला लागली. कमरेला किल्ली होती, आणि कमरेला किल्ली असून ती चार जणांना दिसली नाही तर ती बाळगून काय उपयोग? तिच्या सासूनेही कपाटाची किल्ली मरेपर्यंत सोडली नव्हती, आणि शेवटी त्या कपाटात एक फुटका कंदील आणि दोन गोधड्या निघाल्या होत्या. द्रौपदाबाईच्या किल्लीमागे मात्र खरोखरच माल होता.

थंडं घर म्हणजे मळ्याच्या कडेला, द्रौपदाबाईच्या ओट्यासमोर उभी केलेली जाड पांढऱ्या भिंतींची एक खोली. वर मशीन, दाराला रबराची पट्टी, बाहेरच्या बाजूला लाल आकड्यांची पाटी. आत किती थंडी आहे ते दार न उघडता कळावं म्हणून ती पाटी. खोली बायांच्या बचत गटाची, आणि गटाची अध्यक्ष द्रौपदाबाई. ती अध्यक्ष कशी झाली हे विचारू नका. बैठकीत खुर्ची एकच होती आणि निवड होण्याआधीच ती तिच्यावर बसलेली होती.

खोलीचं सगळं शिकून आली होती ती तिची सून, शिल्पा. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, बोलणं शहरातलं, आणि सासूसमोर न घाबरण्याची खोड. तिने गटातल्या बायांना सांगितलं होतं: पाला ऊन चढायच्या आत काढायचा. काढला की सावलीत. माती झटकायची, पण धुवायचा नाही, पाणी शिंपडायचं नाही. ओला पाला पिशवीत गेला की चिखल होतो. आधी क्रेटमध्ये ठेवून थंड्या घरात गार करायचा, मग भोकं पाडलेल्या पिशव्यांत भरायचा. दार उठसूट उघडायचं नाही. आणि आत पाल्याशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही.

पाणी शिंपडायचं नाही हे ऐकून द्रौपदाबाईला आपला हातच कोणी कापून नेल्यासारखं झालं. जन्मभर तिने मेथी विकली ती पाण्याच्या जोरावर. जळगावच्या बाजारात पारसमल शेठच्या किराणा दुकानाच्या पायऱ्यांशी तिची जागा. पाटीवर ओलं गोणपाट, हाताशी लोटा, आणि दर थोड्या वेळाने पाल्यावर शिडकावा. वैशाखात जळगावचं ऊन असं की पाणी पाल्यावर पडायच्या आधीच उडून जायचं. दुपारपर्यंत कोथिंबीर मान टाकायची, शेपू झोपायचा आणि मेथीचं तर बघायलाच नको. मग पारसमल पायरीवर यायचा, जुडी उचलायचा, दोनदा झटकायचा, आणि पाणी उडालं की सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "अक्का, मला मेथी दे. पाणी आमच्या नळाला येतं."

गिऱ्हाइकं हसायची. द्रौपदाबाई त्याला उलट चार शब्द सुनवायची, आणि तेही हसूनच, कारण पायरी त्याची होती. पण ते वाक्य तिच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखं रुतून बसलं होतं. पावसाळे गेले, गुडघे गेले, काटा तिथेच.

आता त्याच पारसमलच्या नातवाने, रोनकने, काचेच्या दाराचं भाजीचं दुकान काढलं होतं. आत गारवा, भाजीला पिशव्या, पिशव्यांना नाव. त्याने शिल्पाशी फोनवर ठरवलं, "गुरुवारी काढलेला पाला रविवारी मी स्वतः येऊन बघेन. हिरवा निघाला तर उन्हाळाभर तुमच्याच गटाचा माल." आणि वर म्हणाला, "आजोबाही येतो म्हणतात."

आजोबाही येतात म्हटल्यावर द्रौपदाबाईने पदर आणखी वर खोचला. "येऊ दे," ती गटातल्या बायांना म्हणाली. "झटक म्हनावं जुडी. थेंब पडना तर मी मिशा ठेवसू."

मिशा नसल्या तरी तोरा होता, आणि खरं दुखणं तेच. थंडं घर बंद असेल तर लोकांना दिसणार काय? पांढरी भिंत? ती तर शाळेलाही आहे. दिसायचं तर दार उघडायला हवं. उद्‌घाटनालाच सुरुवात झाली होती. साहेब आले, फीत कापली, आत गेले ते बाहेर येईनात. शेतकऱ्याने उन्हातान्हात कसे कष्ट करावेत यावरचं भाषण त्यांनी आतच केलं, चहाही आतच घेतला. बाहेर मंडपात बायका पदराने वारा घेत बसल्या होत्या. पण तेव्हा आत पाला नव्हता, म्हणून चाललं.

त्यानंतर जो दारात येईल त्याला द्रौपदाबाई म्हणायची, "ये, तुले हिवाळा दखाडस." मीटर बघायला आलेला वीज मंडळाचा माणूस, पत्रिका वाटत आलेलं लग्नघर, रस्ता चुकलेला ट्रकवाला. सगळ्यांना हिवाळा दाखवून झाला. गल्लीतला धनसिंग आबा तर एकदा आत टेकला आणि शेपूची जुडी उशाशी घेऊन घोरायला लागला. शिल्पाने त्याला उठवलं, तर म्हणतो, "पोरी, मेथीले देतस एवढी थंडी, माणसाले नको का?"

"आई, दार उघडलं की बाहेरचं ऊन आत जातं," शिल्पा म्हणाली. "मग त्या आकड्याला पुन्हा खाली यायला किती वेळ लागतो ते बघा."

"मग येस ना खाली? त्याले दुसरं काय काम शे?"

गुरुवारी मात्र द्रौपदाबाई नीट वागली. पहाटे बाया मळ्यात उतरल्या. मेथी, कोथिंबीर, पालक, पोकळा, सगळा पाला सावलीत आला. लोटा तिने स्वतः घरात नेऊन ठेवला. माती झटकताना हात दोनदा पाण्याकडे गेला, पण तिने तो पदराला पुसला. पाला गार झाला, पिशव्या भरल्या, क्रेट लागले. दार बंद करताना रबराची पट्टी चपकन बसली आणि तिला त्या आवाजात पारसमलचं तोंड बंद झाल्याचा भास झाला.

शुक्रवारी ऊन डोक्यावर असताना व्याही आले.

दीपमाला ही द्रौपदाबाईची लेक, यावलकडे दिलेली. तिचे सासरे कौतिकराव. माणूस भला, केळीचा बागाईतदार, आणि बागाईतदारासारखाच मोठ्या हाताचा. टेम्पो घेऊनच आले होते. रविवारी बुद्धपौर्णिमा, विहारात खिरीबरोबर बठ्ठ्या गावाला, म्हणजे लहानथोर सगळ्यांना, केळी वाटायची म्हणून पिकायला आलेल्या केळीचे क्रेटच्या क्रेट आणले होते.

"जय भीम, विहीणबाई!" ते घाम पुसत म्हणाले. "केळी आणी शे. पन ह्या उनमा रविवारलोंग टिकाव नही. तुम्हना थंडा घरना गवगवा आम्हना यावलपावत येल शे. म्हटलं तठेच ठेवू."

गवगवा यावलपर्यंत गेला, हे ऐकल्यावर किल्ली कमरेवर आपोआप खुळखुळली.

शिल्पा चहा घेऊन आली होती, ती तशीच थांबली. "मामा, केळी बाहेर सावलीत ठेवू या. ओल्या गोणपाटाने झाकू. आत नको."

"काबरं नको?" द्रौपदाबाई म्हणाली.

"आई, पिकायला लागलेल्या केळीतून एक वायू सुटतो. त्याने पाला पिवळा पडतो. आणि एवढी थंडी केळीलाही सोसत नाही, साल काळी पडते. दोन्हींचं नुकसान."

"वायू!" द्रौपदाबाई व्याह्यांकडे बघून हसली. "माले साठ वर्षं झायी केळी खाई खाई, माले नही लागना वायू."

"तुम्हाला नाही, पाल्याला. आत पाल्याशिवाय काहीच ठेवायचं नाही असं..."

"अगं, शेजारी बसी तर काय व्हस?"

"शेजारीही नको. वेगळीच ठेवावी लागतात."

झालं. हा शब्द शिल्पाने बोलायला नको होता. निदान त्या घरात, त्या बाईसमोर आणि व्याह्यांच्या देखत तर नकोच. द्रौपदाबाई खाटेवरून उठली. तिचा आवाज चढला की तो समोरच्याला ऐकवायला नसायचा, चार घरं पलीकडच्यांना ऐकवायला असायचा.

"वेगळी ठेवू? मना याहीनी केळी वेगळी ठेवू? केळीना ईटाळ व्हस का तुनी मेथीले? मना सासराले पाणवठावर वेगळं उभं करेत, ते म्हातारं मरेपर्यंत इसरनं नही. आणि तू मना दारमा केळीले सांगस, दूर बस? ह्या घरमा ईटाळ पाळतस नही, पोरी! माणूसना नही, केळीना नही!"

आता यावर कोण काय बोलणार? कौतिकरावांनी मान हलवली आणि डोळ्यांना रुमाल लावला. ओट्यावरच्या दोन-तीन जणांनी तर टाळ्याच वाजवल्या. द्रौपदाबाईचा नवरा पितांबर, जो एरवी हो म्हणायलाही बायकोकडे बघायचा, त्याने आपण होऊन "बरोबर शे" म्हटलं. एवढं मोठं भाषण साहेबांनाही जमलं नव्हतं.  शिल्पाने नाही म्हणावं तर ती साऱ्या गावात विटाळ पाळणारी सून ठरणार होती. तिने फक्त नवऱ्याकडे पाहिलं. प्रशीलने टेम्पोच्या चाकातली हवा तपासायला सुरुवात केली. टेम्पो त्याचा नव्हता.

केळी वाजतगाजत आत गेली. द्रौपदाबाईने स्वतः जागा केली, मेथीचे क्रेट थोडे सरकवून. "बसा बाई मिळून," ती म्हणाली आणि दार लावलं.

शनिवारी दार किती वेळा उघडलं याचा हिशेब तिने ठेवला नाही, कारण ठेवण्यासारखा नव्हता. केळी दाखवायला एकदा. कोण्या पाहुणीला हिवाळा दाखवायला एकदा. वीज मंडळाचा माणूस पुन्हा आला. मीटर तर बाहेर होतं, पण तो आत जाऊन आला. संध्याकाळी एका फणीला हात लावून बघितलं तर साल जरा करडी वाटली. दिव्याच्या उजेडाने तसं दिसत असेल, असं तिने ठरवलं. मेथीकडे तिने बघितलं नाही. न बघायची एक पद्धत असते: डोळे त्या दिशेला न्यायचे आणि पापण्या मिटूनच परत आणायचे.

रविवारी सकाळी काळी गाडी मळ्याच्या बांधाशी थांबली. रोनक उतरला, त्याच्या हाताला धरून पारसमल. केस पांढरे, धोतर पांढरं, आणि ओठांच्या कोपऱ्यात तेच जुनं वाक्य तयार.

"काय अक्का, पाणी आहे ना आज?"

"नही शेठ. आज थेंब नही. आज तुमच्याच डोळाले पानी यी." आणि तिने कमरेची किल्ली अशी काढली, जणू म्यानातून तलवार.

दार उघडलं.

आत गारवा होता, मशीन इमानाने घुरघुरत होतं. बाकी सगळं उलटं झालं होतं. मेथी पिवळी. कोथिंबीर पिवळी, खालची पानं गळून पिशवीच्या तळाशी. पालक हळद लागल्यासारखा. आणि मध्ये क्रेटमध्ये केळी, आजारी माणसाच्या नखांसारखी करडी-काळी.

 गटातल्या बाया मागे उभ्या होत्या. पहाटे काढलेला पाला त्यांचाही होता. शिल्पा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. तिने "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर द्रौपदाबाईला निदान भांडता आलं असतं.

पारसमलने पिशवी उचलली, डोळ्यांजवळ नेली, मग केळ्याकडे पाहिलं. "रोनक," तो हळूच म्हणाला, "बघ रे. केळीने आपला रंग मेथीला देऊन टाकला. एवढा दानधर्म तर आपल्या घरातही नाही."

"हाई मशीन बिघडेल शे," द्रौपदाबाई म्हणाली.

मशीनने घुरघुर चालूच ठेवली.

"मशीन चांगलं आहे, अक्का," रोनक म्हणाला. पोरगा नरम होता, म्हणून जास्तच झोंबला. "आमच्या दुकानात पहिल्या महिन्यात आम्हीही हेच केलं होतं, सफरचंदांनी कोथिंबीर गेली. शिल्पावहिनींनी मला सगळे नियम सांगितले होते, म्हणून तर मी हो म्हटलं. केळी आत कोणी ठेवली?"

 पितांबर बोलायच्या बेतात होता, पण बायकोकडे बघायची सवय आडवी आली.

द्रौपदाबाईच्या जिभेवर चार उत्तरं आली. मशीन. वीज. सून. व्याही. चारही जुनीच हत्यारं, रोजच्या वापरातली. पण पारसमल समोर उभा होता आणि वाट बघत होता. तिने सुनेवर ढकललं असतं तर त्याने लगेच मान डोलावली असती. बाजारात जुडी झटकताना तो अशीच मान डोलवायचा. ते तिला सोसलं नसतं.

"मी ठेवी," ती म्हणाली. "मना हातनी. सून नको म्हनत होती."

मग तिने जन्मात न केलेली गोष्ट केली. मागितलं. "पुढला रविवारले एक डाव आखो ये, बापा."

रोनकने आजोबांकडे बघितलं. आजोबा म्हणाले, "येऊ. पण एक अट. किल्ली सुनेच्या कमरेला."

पारसमल एवढंच बोलला आणि धोतराचा सोगा सावरत गाडीकडे चालायला लागला. जाताना म्हणाला, "आणि ही पिवळी मेथी गायीला घाल. गाय रंग बघत नाही."

सगळ्यांचे डोळे द्रौपदाबाईच्या कमरेवर. तिने किल्ली सोडली. गाठ जुनी, घट्ट. सुटायला वेळ लागला, आणि त्या वेळात मदतीला कोणी पुढे आलं नाही. मग तिने ती शिल्पाच्या हातात दिली नाही, तिच्याकडे फेकली.

"धर. माले म्हातारपनी कमरले लोखंड टोचस. दोन महिनापासून सांगनार व्हतू."

गटातल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. शिल्पाने किल्ली झेलली आणि "बरं" म्हणाली.

त्या संध्याकाळी विहारात खिरीबरोबर काळी केळी वाटली गेली. लोकांनी घेतली, व्याह्यांचा मान म्हणून. धनसिंग आबाने सोललं, आत बघितलं, आणि केळ्याला हात जोडले.

पुढच्या गुरुवारी पुन्हा पाला निघाला, गार झाला, पिशव्यांत गेला. किल्ली शिल्पाकडे होती. पण दारासमोर, कडुनिंबाच्या सावलीत, खाट टाकून द्रौपदाबाई बसली होती. हातात काठी. कुत्र्यासाठी, असं ती म्हणे. कुत्रा त्या बाजूला फिरकत नव्हता.

वीज मंडळाचा माणूस आला. "मीटर तिकडे," काठीने दिशा दाखवली. धनसिंग आबा आला. त्याला माठातलं पाणी मिळालं आणि माघारीचा रस्ता. खुद्द शिल्पा किल्ली घेऊन आत बघायला निघाली तर द्रौपदाबाई म्हणते, "कसाले उघडस? आकडा बाहेर दिसस ना? वाचता येस ना तुले?"

"आई, एकदा बघावं लागतं."

"बघ. पन आत चूल मांडू नको."

शनिवारी कौतिकराव पुन्हा हजर. गेल्या खेपेचं मनाला लागलं होतं बिचाऱ्यांच्या, म्हणून भरपाईला आंब्याच्या पेट्या आणल्या होत्या. टेम्पो थेट थंड्या घराच्या दाराशी.

द्रौपदाबाई खाटेवरून हलली नाही. "जय भीम, व्याहीभाऊ. आंबे घरात. खाटखाले ठेवा, पसरीसन."

"आत ठेवू ना, विहीणबाई."

"नही."

 कौतिकराव मिशीत हसले; भला माणूस असला तरी व्याहीच होता. "आते व! ह्या घरमा ईटाळ पाळतस नही ना?"

ओट्यावरच्या त्याच दोन-तीन जणांनी कान टवकारले. टाळ्या वाजवलेले हात तयारच होते.

"माणूसना नही पाळतस," द्रौपदाबाई म्हणाली. "तुमी या, आत बसा, जेवा, मना ताटमा जेवा. आंबा काय माणूस शे का? तो काय पाणवठावर उभा व्हता? उचला त्या पेट्या. आणि टेम्पो मांगे ल्या, धूर जास दारवर."

कौतिकरावांनी पेट्या उचलल्या. दार बंद होतं, धूर काही आत जाणार नव्हता, पण तसं सांगायची छाती शिल्पाचीही झाली नाही.

रविवारी काळी गाडी आली. शिल्पाने दार उघडलं. बाया मागे श्वास धरून. मेथी हिरवी होती. चमत्कार वगैरे नाही, मेथीसारखी मेथी. पण आदल्या दिवशी सकाळी काढली म्हटलं असतं तर कोणी नाही म्हटलं नसतं. कोथिंबिरीची मान ताठ. रोनकने तीन-चार पिशव्या फोडल्या, देठ मोडून बघितला, कट्‌कन वाजला. "वहिनी, मंगळवारपासून गाडी पाठवतो," तो म्हणाला. मागे बायांनी श्वास सोडला.

पारसमलने एक जुडी उचलली. सवयीने झटकली. काही उडालं नाही. पुन्हा झटकली. मग जुडी नाकाजवळ नेली. "आज आम्हा जैनांची तिथी आहे," तो म्हणाला. "आम्ही आज हिरवं खात नाही. नाहीतर पान तोंडात टाकून बघितलं असतं." आणि दारात, अर्धा आत अर्धा बाहेर, तो वास घेत उभाच राहिला. आत गार, बाहेर आग. म्हाताऱ्याला तिथून हलवेना. काही तरी चांगलं बोलायचं त्याच्या मनात असावं; तोंड उघडून शब्द शोधत होता.

द्रौपदाबाई त्याच शब्दासाठी इतकी वर्षं त्याच्या पायरीशी बसली होती. ती खाटेवर बसून होती, काठी आडवी मांडीवर. तिने पारसमलच्या तोंडाकडे बघितलं, मग पाटीवरच्या लाल आकड्याकडे. आकडा चढत होता.

"अक्का," पारसमल म्हणाला, "खरं सांगू का..."

"मंग सांगा, शेठ," द्रौपदाबाई म्हणाली आणि काठीने दाराची कड ठोकली. "आधी दार लावा. बठ्ठी थंडी चालनी."